ट्रान्झिस्टर खरेच जळाला आहे का? नवा आणण्याआधी कसे तपासाल?

हिंजवडीची आयटी संकुले आणि ताम्हिणीचा धो धो पाऊस, दोन्ही एकाच मुळशी तालुक्यात. पावसाळ्यात वीज जाऊन झटक्याने परतली, की घरातला एखादा चार्जर नाहीतर अॅम्प्लिफायर मुका होतो. दुरुस्ती नुकतीच शिकू लागलेल्याचा पहिला संशय ट्रान्झिस्टरवर. तो उपटून नव्यासाठी पुण्यातली तापकीर गल्ली गाठायची, तर पौडहून अर्धा दिवस मोडतो. भाग मिळतो काही रुपयांत, आणि जुना अनेकदा धडधाकट निघतो. साध्या डिजिटल मल्टिमीटरवर ही शंका घरीच फिटते.

तीन पाय म्हणजे ट्रान्झिस्टरच का?

नाही. नवशिके इथेच फसतात. अंगावर पत्रा असलेले ७८०५ हे व्होल्टेज रेग्युलेटर आहे, बीटी १३६ हा ट्रायॅक, आयआरएफझेड ४४ एन हा मॉसफेट, तर टीआयपी ४१ हा ट्रान्झिस्टर. चौघे दिसायला सारखेच! म्हणून आधी भिंगातून किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून क्रमांक वाचावा आणि त्याची डेटाशीट पाहावी. जपानी भागांवर सुरुवातीचे ‘२ एस’ छापत नाहीत. नुसते ‘सी १८१५’ दिसले तर तो २ एससी १८१५, म्हणजे एनपीएन. ‘ए’ किंवा ‘बी’ने सुरू होणारे जपानी भाग पीएनपी असतात. मात्र बीसी ५४७ मधला ‘बी’ वेगळा. तो युरोपीय पद्धतीचा असून सिलिकॉन दाखवतो.

पाय कसे ओळखायचे?

उपकरणाची पिन काढल्याशिवाय हात घालू नये. २३० व्होल्टवर चालणाऱ्या चार्जरमधला मोठा कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भारलेला असतो आणि पिन काढल्यावरही काही काळ तसाच राहू शकतो. तो रेझिस्टरमधून रिकामा करून, मीटरवर खात्री करूनच पुढे जावे.

ट्रान्झिस्टर सर्किटमधून सोडवावा, कारण शेजारचे भाग आकडा बिघडवतात. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून लाल टोक एका पायाला लावावे, काळे आळीपाळीने उरलेल्या दोघांना. दोन्हीकडे ०.५ ते ०.७ व्होल्टच्या आसपास आकडा आला (स्वस्त मीटरवर तो ५०० ते ७०० असा दिसतो), तर लाल टोकाखालचा पाय बेस आणि भाग एनपीएन. बेसवर काळे टोक ठेवून तसेच आकडे आले तर पीएनपी. दोहोंपैकी किंचित मोठा आकडा सहसा एमिटरचा. टोकांची अदलाबदल केली, की मीटरने डाव्या कडेला ‘१’ किंवा ‘ओएल’ दाखवावे. कलेक्टर आणि एमिटर यांच्यातही दोन्ही दिशांनी तेच. तिथे शून्य आले किंवा शिट्टी वाजली, तर तो भाग खरेच गेला.

जुन्या रेडिओतल्या एसी १२८ सारख्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरवर ०.२-०.३ व्होल्ट दिसले तर घाबरू नये. त्यांची जातच तशी. टीआयपी १२२ हा डार्लिंग्टन म्हणजे एकाच अंगात दोन ट्रान्झिस्टर, त्यामुळे त्याचे आकडेही वेगळेच येतात.

मॉसफेटचे काय?

त्याला बेस नसतो, गेट असते. काळे टोक सोर्सवर ठेवून लाल क्षणभर गेटला लावावे, मग ड्रेनवर न्यावे. भाग चांगला असेल तर तो बहुधा ‘चालू’ झालेला दिसतो. गेट आणि सोर्स बोटाने एकत्र स्पर्शले की पुन्हा बंद. मात्र आयआरएफझेड ४४ एनला चालू व्हायला २ ते ४ व्होल्ट लागतात. मीटर तेवढे देत नसेल, तर चांगला भागही ढिम्म राहतो. ड्रेन-सोर्स दोन्ही दिशांनी शून्य, हा मात्र मेल्याचा पक्का पुरावा.

बदलताना

सपाट बाजू समोर धरली तर बीसी ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. प्लास्टिकच्या पीएन २२२२ चे नेमके उलट, आणि सी १८१५ चा बेस तर उजव्या टोकाला. तेव्हा ‘चालेल हो’ म्हणून दिलेला पर्यायी भाग पाय पाहूनच बसवावा. टीआयपी ४१ चा पत्रा आतून कलेक्टरला जोडलेला असतो. त्याखालचा अभ्रकाचा पापुद्रा आणि स्क्रूचा प्लास्टिक वॉशर जुन्यासोबत फेकून दिला, तर हीटसिंकला टेकून नवाही पहिल्याच मिनिटाला जाऊ शकतो.