तपास कशाचा करायचा, हे कोण ठरवतं?

२५ मे २०१७. लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याहून मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांना घेऊन उडालेलं हेलिकॉप्टर तारांत अडकून कोसळलं. आतले सगळे वाचले, आणि बातमीही तीच झाली. पण दिल्लीत विमान अपघात तपास ब्यूरोत, म्हणजे एएआयबीत, आत कोण बसलं होतं यावर काही ठरत नाही. कोणी दगावलं का, कोणाला गंभीर इजा झाली का, सांगाड्याची मोडतोड झाली का, हे बघतात. निलंग्यात मोडतोड झाली होती, म्हणून तो 'अपघात' आणि तपास बंधनकारक. आत एखादा सरपंच असता तरी नियम हाच होता.

आमच्या परभणी जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. विमान धरायचं तर नांदेड नाहीतर संभाजीनगर गाठावं लागतं. त्यामुळे हा पडद्यामागचा भाग आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नसतो. कुठूनही खबर आली की पहिलं काम शिक्का मारायचं: अपघात, गंभीर घटना की नुसती घटना? पहिल्या दोन एएआयबीकडे राहतात, तिसरी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे, जाते. फक्त इंजिन निकामी झालं तर तो व्याख्येनुसार अपघात नव्हे. जखमी माणूस ४८ तासांहून अधिक रुग्णालयात राहिला तर मात्र अपघात.

आणि हे झटपट ठरवावं लागतं. बहुतेक विमानांतला कॉकपिटमधला आवाज टिपणारा रेकॉर्डर शेवटचे दोनच तास जपतो. 'किरकोळ आहे' म्हणून विमान पुढच्या फेरीला सोडलं की जुन्या संभाषणावर नवं चढतं. तपासाचा निर्णय दुसऱ्या दिवशी झाला तर ऐकायला काही उरत नाही. मला या सगळ्या कामातली ही सर्वांत अवघड जागा वाटते.

२० सप्टेंबर २०१८ ला जेट एअरवेजचं मुंबई-जयपूर विमान उडालं. केबिनमध्ये हवेचा दाब राखणारी यंत्रणा वैमानिकांनी सुरूच केली नव्हती. तिसेक प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आलं, विमान मुंबईला परतलं. कोणी दगावलं नाही, विमानाला ओरखडाही नाही. तरी ती 'गंभीर घटना' ठरली आणि एएआयबीने तपास केला. तसंच आणखी वर चढत राहिले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न तिथे मोलाचा होता, आणि तो विचारला गेला.

हा प्रश्न वेळेवर न विचारण्याची किंमत मराठवाड्याने मोजली आहे. २६ एप्रिल १९९३ ला औरंगाबादच्या धावपट्टीवरून इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ उडालं आणि धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकलं. पुढे उच्चदाबाच्या तारा. ११८ पैकी ५५ माणसं गेली. चौकशीत वैमानिकांची उड्डाणाची पद्धत चुकल्याचं निघालं. पण विमानाच्या वेळेत त्या रस्त्यावरची वाहतूक अडवली नव्हती, हा ठपकाही विमानतळ प्राधिकरणावर आला. गाठींचे उंच ट्रक आम्ही लहानपणापासून बघतो. विमान आणि असा ट्रक यांच्यात थोडंच अंतर राहिलं, पण धडक झाली नाही, अशा दिवसाची नोंद कोण घेणार? 'घटना' नावाचा तिसरा शिक्का खरं तर अशाच दिवसांसाठी हवा.

लहान विमानांचं आणखी कठीण. आंतरराष्ट्रीय नियमात गंभीर घटनेचा तपास सक्तीचा आहे तो २,२५० किलोवरच्या विमानांना. शिकाऊ विमानं त्याच्या कितीतरी खाली. बारामतीत ऑक्टोबर २०२३ मध्ये १९ आणि २२ तारखेला अशी दोन विमानं कोसळली, तेव्हा डीजीसीएने ती उडवणाऱ्या प्रशिक्षण संस्थेचं काम थांबवलं. एकेकटं पाहिलं तर दोन्ही किरकोळ वाटतात. शेजारी ठेवल्यावर दिसलं ते वेगळंच.

आता परभणीच्या शेतांवरही फवारणीचे ड्रोन उडू लागले आहेत. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार अपघात झाला तर चालवणाऱ्याने ४८ तासांत डिजिटल स्काय पोर्टलवर कळवायचं असतं. सोयाबीनमध्ये आपटलेला ड्रोन उचलून, पातं बदलून पुन्हा उडवला, तर त्याची खबर दिल्लीला जाणारच नाही. तिथे शिक्का मारणारा ब्यूरो नसतो. बांधावर रिमोट घेऊन उभा असलेला पोरगाच ठरवतो, आणि त्याला हे कोणी शिकवलंय का, हे मी सध्या गावोगाव विचारतो आहे.