विकायची पाळी येऊ नये म्हणून

१० जानेवारी २००८ रोजी सेन्सेक्स २१,२०६पर्यंत चढला आणि २७ ऑक्टोबरला ७,६९७पर्यंत उतरला. साडेनऊ महिन्यांत शंभराचे छत्तीस झाले. त्यानंतरचे सगळे चढउतार पाहिले, तरी गुंतवणुकीतली सावधगिरी शिकायला तो जानेवारी महिना पुरेसा आहे.

तेव्हा रिलायन्स पॉवरच्या समभागविक्रीवर अक्षरशः उड्या पडल्या होत्या. वाटप होईपर्यंत पैसे आपल्याच खात्यात राखून ठेवणाऱ्या ‘अस्बा’ची सोय नव्हती, अर्जासोबतचा धनादेश वटायचा आणि वाटप होईपर्यंत रक्कम अडकून पडायची. १८ तारखेला अर्जांची मुदत संपली. सोमवारी, २१ तारखेला, सेन्सेक्स १,४०८ अंकांनी कोसळला. मंगळवारी बाजार उघडताच लोअर सर्किट लागले, तासभर व्यवहार बंद. उधारीवर शेअर घेतलेल्यांना दलालांचे फोन येऊ लागले: मार्जिन भरा, नाहीतर माल विकावा लागेल. पैसे अर्जांत अडकलेले. मग चांगले शेअरही मातीमोल भावात गेले.

५ नोव्हेंबर २०१०च्या मुहूर्ताच्या सौद्यांत सेन्सेक्स पुन्हा २१,०००च्या वर पोहोचला. ज्यांचा घरखर्च, मुलांची फी आणि घराचा हप्ता शेअरवर अवलंबून नव्हता, त्यांना एवढा काळ थांबता आले. मात्र निर्देशांक सावरला म्हणून प्रत्येक शेअर सावरत नाही. युनिटेक आणि सुझलॉनला जानेवारी २००८चे भाव पुन्हा दिसले नाहीत. म्हणून एकाच कंपनीवर किंवा एकाच क्षेत्रावर सगळी भिस्त ठेवू नये.

२३ मार्च २०२० रोजी हाच धडा नव्याने मिळाला. करोनाच्या धास्तीने सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी, म्हणजे तेरा टक्क्यांनी, आपटला. नोव्हेंबरात त्याने नवा उच्चांक गाठला. मधल्या काळात घाबरून ज्यांनी एसआयपी बंद केली, त्यांनी नेमकी स्वस्तातली खरेदी गमावली.

हिशेब करून पाहा. दहा लाखांपैकी सहा शेअरमध्ये आणि चार मुदत ठेवीत आहेत. बाजार चाळीस टक्के पडला, तर सहाचे तीन लाख साठ हजार होतील. एकूण रक्कम मात्र सात लाख साठ हजार उरेल. चोवीस टक्क्यांची घट झोंबते, पण तेवढ्याने घर हलत नाही. शिवाय ठेवीतले थोडे मोडून पडत्या भावात खरेदीही करता येते.

याउलट, वायदेबाजारातल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तीन आर्थिक वर्षांत मिळून तोट्यात गेल्याचे सेबीने २०२४ मध्ये दाखवून दिले. पडझडीत झटपट वसुलीचा मोह होतो, तेव्हा हा आकडा डोळ्यांसमोर असावा.

सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा, पाच वर्षांत लागणारा पैसा शेअरमध्ये घालू नये, कर्ज काढून शेअर घेऊ नयेत. हे नियम तेजीतच पाळावे लागतात. लोअर सर्किट लागल्यावर त्यासाठी उशीर झालेला असतो.