लाल टिंबाऐवजी एक ओळ

सकाळी ७. आषाढातला पाऊस धरलाय. नांद्यात एकीकडे भातलावणीची घाई, दुसरीकडे हिंजवडी गाठणाऱ्यांची. आज माझं काम घरूनच आहे.

९.३०. स्टँडअप. वीजमीटरचे आकडे गोळा करणारा आमचा सी प्लस प्लसमधला प्रोग्रॅम अधूनमधून शून्य लांबीचं पॅकेट पाठवतो. ग्राहकाचा पुन्हा फोन. बाकीच्या विषयांना पाच मिनिटंही लागली नाहीत.

१०. टीममधली ज्युनिअर स्क्रीन शेअर करते. पॅकेट पाठवायच्या ओळीवर तिने लाल टिंब, म्हणजे ब्रेकपॉइंट, ठेवलंय आणि त्याला अट घातलीय : लांबी १२ पेक्षा कमी असेल तरच थांब. अट बरोबर आहे. नुसतं हेडरच १२ बाइटचं असतं.

"सर, हे पुढे सरकतच नाहीये."

सरकेल कसं? टिंब ठेवलं की डीबगर त्या जागचा पहिला बाइट काढून तिथे हेक्समधला सीसी बसवतो. एक्स ८६ प्रोसेसर त्या बाइटपाशी आला की अडतो. पण अट तपासणार डीबगर. म्हणजे दर पॅकेटला प्रोग्रॅम उभा राहणार, डीबगर अट बघणार, ती खोटी निघणार, मग परत चालू. सिम्युलेटर हजारोंनी पॅकेटं सोडतोय.

"अट कोडमध्येच लिही ना. इफ लाव आणि आत रेझ सिगट्रॅप."

आता तपासणी प्रोग्रॅमच्या वेगाने होते आणि डीबगरला हाक फक्त गडबड झाल्यावर. पायथनवाल्यांकडे याच कामाला ३.७ पासून, म्हणजे २०१८ पासून, ब्रेकपॉइंट नावाचं फंक्शनच आहे. जावास्क्रिप्टमध्ये डीबगर एवढा एक शब्द लिहिला तरी भागतं.

११.४०. थांबलं! लांबी शून्य. ज्या मीटरचं हे पॅकेट, तो नुकताच तुटून परत जोडला गेलाय. पण इथे सापडला तो मार खाल्लेला. मारणारा, म्हणजे लांबी बिघडवणारा कोड, केव्हाच पुढे निघून गेला.

१.१५. जेवताना लाइट गेली. राउटर बंद, जीडीबी डीबगरचं सेशनही गेलं, आणि हाताने ठेवलेली टिंबं त्याच्याबरोबर.

२.३०. म्हणून आता सगळं स्क्रिप्टमध्ये. मीटरचं रेकॉर्ड दर वेळी मेमरीत नव्या पत्त्यावर तयार होतं. आधी पहारा बसवायचा तरी कुठे? रेकॉर्ड तयार होणाऱ्या ओळीवर ब्रेकपॉइंट, आणि त्याच्या कमांड्समध्ये : हा तोच मीटर असेल तर त्याच्या लांबीच्या पत्त्यावर वॉच लाव, म्हणजे तिथे कोणी लिहिलं की थांबेल, मग चालू दे. एक्स ८६ मध्ये अशा पहाऱ्याला चारच रजिस्टर मिळतात, त्यामुळे सगळ्या मीटरांवर पहारा बसवायची हौस परवडत नाही.

४.१०. सापडला. वॉच थेट स्ट्रिंग कॉपीत थांबला. नावासाठी १६ बाइटची जागा, तिला चिकटून लांबी. या मीटरचं नाव मोजून १६ अक्षरी, आणि शेवटचा शून्य बाइट सतरावा. तो लांबीच्या खालच्या बाइटवर पडतो : २१२ चं शून्य होतं, ३०० चं २५६. नाव पुन्हा भरलं जातं ते मीटर परत जोडला गेल्यावरच, म्हणून चूक रोज दिसत नव्हती. हे २५६ वालं पॅकेट आमच्या १२ च्या अटीतून बिनबोभाट निसटलं असतं, हेही नोंदवून ठेवलं.

५.४५. रिव्ह्यू. दुरुस्ती एका ओळीची, वाद मात्र त्या इफवर. ज्युनिअरचं म्हणणं, राहू द्या, पुढे उपयोगी पडेल. पण डीबगर जोडलेला नसताना सिगट्रॅप आला की लिनक्स प्रोग्रॅमच बंद पाडतो. ग्राहकाकडे मध्यरात्री ते कोण निस्तरणार? सी प्लस प्लस २६ मध्ये डीबगर असेल तरच थांबणारं फंक्शन आलंय, पण आमचा कंपायलर जुना. तेव्हा ती ओळ फक्त डीबग बिल्डमध्ये, मॅक्रोच्या आत; आणि मॅक्रोबाहेर सिगट्रॅप दिसला तर बिल्ड नापास.

६.३०. स्क्रिप्ट रेपोत टाकली. ज्युनिअरने तेवढ्यात अटीत दुसरी तपासणी घातली : हेडरमधली लांबी आणि रेकॉर्डमधली लांबी जुळते का. ही माझ्यापेक्षा चांगली. मर्ज केली.