वाद्यवृंद
वाद्यवृंद : पूर्वनियोजित संगीतरचना एकत्रितपणे वाजविणारा, निरनिराळ्या वाद्यांच्या वादकांचा समूह. या समूहाच्या वादनास ‘वृंदवादन’ म्हणतात. अनेक वाद्ये एकाच वेळी वाजली, एवढ्याने वृंदवादन सिद्ध होत नाही. मैफलीत साथीदार मुख्य कलावंताचे अनुसरण करतात; वृंदवादनात मात्र प्रत्येक वाद्यगटाची कामगिरी आधीच ठरलेली असते व संचालक तिचे नियमन करतो.

‘ऑर्केस्ट्रा’ या पाश्चात्त्य संज्ञेचा पर्याय म्हणून हा शब्द मराठीत रूढ झाला. मूळ ग्रीक शब्दाने नाट्यगृहातील वृंदनृत्याची जागा दर्शविली जाई. पुढे तो वादकांच्या समूहास लावला गेला. भारतीय परंपरेत भरताच्या नाट्यशास्त्रात अशा समूहास ‘कुतप’ ही संज्ञा असून ततकुतपात वीणा व बासरी वाजविणाऱ्यांबरोबर गायकही येतो. देवगिरीच्या यादवांचा आश्रित शार्ङ्गदेव याने संगीतरत्नाकर या ग्रंथात (तेरावे शतक) गायक-वादकांच्या समूहास ‘वृंद’ म्हटले आहे. त्याच्या मते उत्तम वृंदात ४ मुख्य गायक, ८ सहगायक, १२ गायिका, ४ बासरीवादक व ४ मृदंगवादक, म्हणजे एकूण ३२ कलावंत असावेत.

आधुनिक काळात अल्लाउद्दीनखाँ यांनी १९१८ च्या सुमारास मैहर येथे वाद्यवृंद उभारला. आकाशवाणीचा राष्ट्रीय वाद्यवृंद दिल्ली येथे १९५२ मध्ये स्थापन झाला. रविशंकर हे त्याचे एक आद्य संचालक होत. मूळचे गोव्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत भारतीय रागांवर आधारित रचनांसाठी मोठा वाद्यवृंद संघटित केला.

लोकव्यवहारात मात्र ‘ऑर्केस्ट्रा’ व ‘वाद्यवृंद’ हे शब्द समानार्थी राहिलेले नाहीत. नागपुरात गणेशोत्सवात वा शारदोत्सवात ‘आज ऑर्केस्ट्रा आहे’ असे म्हटले, की चित्रपटगीते सादर करणारे गायक, निवेदक व वादक यांचा संच अभिप्रेत असतो. तेथे गायनच प्रमुख असल्याने ‘वाद्यवृंद’ हा प्रतिशब्द अपुरा पडतो. तथापि या प्रयोगास अपभ्रष्ट मानणे योग्य नव्हे. गायक व वादक यांना एकाच समूहाचे घटक मानणारा हा लौकिक अर्थ, पाश्चात्त्य संकल्पनेपेक्षा शार्ङ्गदेवाच्या ‘वृंदा’ला अधिक जवळचा आहे.