आधी आभार, मग घास

घोडबंदर म्हटलं की आज आधी ट्रॅफिक आठवतं, किल्ला मागाहून. पोर्तुगीजांनी उल्हास नदीच्या काठी बांधलेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकून घेतलेला हा किल्ला मीरा-भाईंदरच्या टॉवरांच्या गर्दीत शोधावा लागतो. पण या खाडीकाठच्या जुन्या वस्तीत, म्हणजे आगरी, कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत, किल्ल्याइतकीच जुनी एक सवय टिकून आहे: हाती आलेल्या गोष्टीबद्दल आधी देवाचे आभार मानायचे आणि मगच ती तोंडात घालायची.

याच साष्टी बेटावरच्या ईस्ट इंडियनांचा सुगीचा सण, आगेरा, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी असतो. भात पिकलेलं असतं. धर्मगुरू कणसांना आशीर्वाद देतात, कापलेल्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात आणि त्यातल्या घरोघरी वाटतात. हिंदू कोकणात हेच काम नवान्न पौर्णिमा करते. भाताची लोंबी, आंब्याचं पान, कुरडूचं फूल, झेंडू यांची जुडी, जिला ‘नवं’ म्हणतात, ती दाराला बांधायची आणि नव्या तांदळाचा नैवेद्य दाखवायचा. धर्म वेगळे, पण पाऊस तोच आणि भातही तेच.

कोळ्यांची वेळ श्रावणात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला सरकारी बंदी. पण परंपरा अशी की नारळी पौर्णिमेला दर्याला सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ वाहायचा आणि मग होडी लोटायची. खरं सांगायचं तर त्यात आभार जितके, तितकीच विनवणी: बाबा, आता शांत हो. ज्याचं पोट दर्यावर आहे त्याला या दोन गोष्टी वेगळ्या काढून ठेवणं परवडत नाही.

हे झाले वर्षाचे सण. रोजचं काय? पानाभोवती पाणी फिरवून शितं बाजूला काढायची चित्राहुती, सकाळी जमिनीला पाय लावण्याआधी तिची क्षमा मागणं, या जुन्या हिंदू घरांतल्या रीती. सोळाव्या शतकातल्या संत इग्नेशियस लोयोला यांनी शिकवलेलं आत्मपरीक्षणही चुका मोजून सुरू होत नाही. पहिली पायरी असते मिळालेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार. त्यांनी स्थापलेल्या जेझुइट संघाचे धर्मगुरू पोर्तुगीज काळात साष्टीतही होते.

मानसशास्त्र या वाटेला बरंच उशिरा आलं. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहायच्या. दुसऱ्या गटानं कटकटी लिहायच्या. पहिल्या गटाला आयुष्य अधिक बरं वाटलं, आणि तो व्यायामही जास्त करत होता. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या गटाला मात्र दिसलं की आठवड्यातून एकदा आभार मोजणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा मोजणाऱ्यांना नाही. बहुधा तेच तेच होऊन त्यातला जीव जातो.

चित्राहुतीचं तसंच होतं हे कुणीही आजी सांगेल: हात फिरतो, मन आमटीत असतं. म्हणून लोंबीचा सण जास्त कामाचा वाटतो. त्यात थांबणं आहे. नवा तांदूळ घरात येऊन पडला आहे, वासही सुटला आहे, पण नैवेद्य होईपर्यंत शिजवून खायचा नाही. वहीत पाच ओळी लिहिताना अशी कळ सोसावी लागत नाही.

आता या पट्ट्यातली बरीच शेतं इमारतींखाली गेली. जिथे गावात भात उरलं नाही, तिथे आगेऱ्यासाठी लोंब्या दुसऱ्या गावाहून आणाव्या लागतात. काहींना हे नाटकी वाटतं. पण सातव्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाच्या हातात वर्षातून एकदा तरी सालासकट तांदूळ येतो, तो सोलून दातांखाली धरून बघतो, आणि त्यानंतर कुकरची शिट्टी झाली की निदान एकदा विचारतो, ‘हा कुठला तांदूळ?’