गाडी लागते, पण दार उघडत नाही! दुकानासमोरच्या जागेचं साधं गणित



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण टेप हातात घेऊन गाड्यांची मापं दाखवली. ती सगळी मापं आणि त्यामागचं कारण इथे नीट लिहून देतोय. किराणा, हॉटेल, मेडिकल, होमस्टे, भाताची गिरणी, यातलं काहीही काढायचा विचार असेल तर हा लेख शेवटपर्यंत वाचा.

जव्हार, मोखाडा, खोडाळा इथे जागा बघायला गेलं की मालक हमखास सांगतो, "समोर तीन गाड्या आरामात लागतात." गाड्या लागतातही. पण गाडी उभी राहणं वेगळं आणि त्यातून माणूस उतरणं वेगळं. गिऱ्हाईक गाडी नाही, गिऱ्हाईक म्हणजे गाडीतला माणूस. तो उतरलाच नाही तर तुमच्या दुकानात येणार कोण?

आधी मापं

आपल्या भागात रोज दिसणाऱ्या गाड्यांची रुंदी बघा. ऑल्टो के10 साधारण 149 सेंटीमीटर, ईको 147.5, वॅगनआर 162, अर्टिगा 173.5 आणि बोलेरो 174.5 सेंटीमीटर. यात बाजूचे आरसे धरलेले नाहीत, ते वेगळे.

आपल्याकडे एका कारच्या पार्किंगसाठी साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात. म्हणजे सव्वाआठ फूट बाय साडेसोळा फूट. त्यात बोलेरो बरोबर मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना साधारण 37-38 सेंटीमीटर उरतात. शेजारच्या गाडीनेही तेवढीच सोडली तर दोघांच्या मध्ये पाऊण मीटर मिळतो. पण रेषा नसतील तर एवढी शिस्त कोण पाळणार?

आता "तीन गाड्या आरामात" तपासू. समजा दुकानासमोर 20 फूट जागा आहे, म्हणजे 6.1 मीटर, आणि दोन्ही बाजूंना भिंत. तीन बोलेरो लावल्या तर 5.23 मीटर गाड्यांनीच खाल्ले. उरले 87 सेंटीमीटर, आणि ते चार फटींत वाटायचे. प्रत्येक फट 21-22 सेंटीमीटर, म्हणजे एक वीतभर. वीतभर फटीतून माणूस बाहेर येत नाही! तीन वॅगनआर लावल्या तरी फट 31 सेंटीमीटरचीच.

त्याच जागेत दोनच बोलेरो लावा. आता फटी तीन आणि प्रत्येक फट 87 सेंटीमीटरची. दार जवळजवळ पूर्ण उघडतं, आजी उतरते, पोरं उतरतात, पिशवीही निघते. गाडी एक कमी झाली, पण उतरणारी माणसं वाढली.

किती फट लागते?

लक्षात ठेवायला सोपा नियम देतो. एकटा धडधाकट माणूस अंग चोरून उतरायला दीड फूट लागतं. हातात पिशवी किंवा कडेवर लहान मूल असेल तर दोन फूट धरा. वयस्कर माणूस, गुडघेदुखी, गरोदर बाई, प्लास्टर घातलेला पाय यांना तीन फूट पाहिजेत, कारण त्यांना दार पूर्ण उघडून, आधी दोन्ही पाय बाहेर काढून मग उठावं लागतं.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी आपल्याकडच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पार्किंगची रुंदी किमान 3.6 मीटर, म्हणजे जवळजवळ बारा फूट सांगितली आहे. मेडिकल, दवाखाना, चष्म्याचं दुकान काढणार असाल तर अशी एक जागा ठेवाच. तुमचं अर्धं गिऱ्हाईक तेच असणार आहे.

भिंत नेहमी गाडीच्या डाव्या अंगाला

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. म्हणून अडचणीच्या जागेत बाकीच्यांना बाहेरच उतरवायचं, मग गाडी अशी लावायची की डावी बाजू भिंतीला चिकटेल आणि सगळी मोकळी जागा ड्रायव्हरच्या दाराला मिळेल.

जागेकडे तोंड करून उभे राहा. भिंत डावीकडे असेल तर गाडी सरळ आत घाला. भिंत उजवीकडे असेल तर रिव्हर्स घाला. दोन्ही वेळा भिंत गाडीच्या डावीकडेच येते. निघताना उलटं करायचं. आधी ड्रायव्हरने गाडी बाहेर काढायची, मग बाकीच्यांनी बसायचं.

दुकानदाराने अजून एक करायचं. सगळ्या गाड्यांची तोंडं एकाच दिशेला ठेवायला सांगायचं. एक सरळ आणि शेजारची उलटी लागली, तर दोन्ही ड्रायव्हरांची दारं एकाच फटीत समोरासमोर येऊ शकतात. दोघंही एकाच वेळी दार उघडणार, आणि मग दाराला पोचा कोणी पाडला यावर तुमच्या दारात भांडण. धंद्याच्या वेळेला हे परवडत नाही.

अरुंद फटीतून उतरायचं कसं?

उतरण्याआधी सीट मागे सरकवा. स्टिअरिंग वर होत असेल तर वर करा. काच खाली घ्या आणि दाराची कड हातात धरूनच दार ढकला, सोडून देऊ नका. गाडीचं दार उघडताना एक-दोन ठिकाणी अडल्यासारखं थांबतं. पहिल्या थांब्यावरच काम भागत असेल तर पुढे ढकलू नका. मग उजवा पाय बाहेर, डोकं खाली, खांदा आडवा, आणि शेवटी डावा पाय. बसताना एक पाय आत, डोकं वाकवून अंग आत, मग दुसरा पाय. वयस्करांना मात्र असं बसवू नका. त्यांनी पाठ गाडीकडे करून आधी सीटवर टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे.

रस्त्याकडेचं दार: इथे जीव जाऊ शकतो

पोचा भरून निघतो. ही गोष्ट भरून निघत नाही, म्हणून नीट वाचा.

आपण रस्त्याच्या डाव्या कडेला गाडी लावतो, त्यामुळे ड्रायव्हरचं दार वाहत्या रस्त्याकडे उघडतं. ताशी 40 किलोमीटरने येणारी बाईक एका सेकंदात 11 मीटर, म्हणजे दोन-तीन गाड्यांएवढं अंतर कापते. तुम्ही मागे न बघता दार उघडलं तर त्या पोराला ब्रेक मारायलाही वेळ मिळत नाही. तो दारावर आदळतो, किंवा चुकवायला जाऊन समोरच्या एसटीखाली जातो. त्र्यंबकेश्वर-मोखाडा-जव्हार-विक्रमगड-मनोर हा आपला मुख्य रस्ता. वळणं आहेत, उतार आहे, आणि पावसाळ्यात धुकं उतरलं की मागचं काही दिसत नाही.

यावर उपाय फुकटचा आहे. ड्रायव्हरचं दार डाव्या हाताने उघडायचं. लांबचा हात दारापर्यंत नेताना अंग आपोआप वळतं आणि नजर आरशातून मागच्या रस्त्यावर जाते. सायकलींच्या देशात, नेदरलँड्समध्ये, ही पद्धत रुजलेली आहे, म्हणून तिला "डच रीच" म्हणतात. तिथे ड्रायव्हर डावीकडे बसतो म्हणून तो उजवा हात वापरतो, आपण डावा.

मागच्या सीटवरच्यांनी सरकत येऊन डाव्या दारानेच उतरायचं. पर्यटकांना फिरवायचा धंदा करत असाल तर मागच्या उजव्या दाराचा चाइल्ड लॉक लावून ठेवा. दाराच्या कडेला छोटा खटका असतो. तो लावला की दार आतून उघडत नाही, बाहेरून उघडतं. दाभोसा धबधबा किंवा हनुमान पॉइंटला पोचल्यावर पोरं उत्साहात उजवीकडे उडी मारतात, ते यामुळे थांबतं.

आपल्या डोंगरातल्या दोन खास अडचणी

पहिली, उतार. दाराचे बिजागर पुढच्या बाजूला असतात. गाडीचं तोंड उताराकडे असेल तर दार हातातून सुटून धाडकन पूर्ण उघडतं आणि शेजारच्या गाडीवर आदळतं. तोंड चढाकडे असेल तर दार परत येऊन नडगीवर बसतं. म्हणून उतारावर दार धरूनच ठेवायचं. आणि उतरण्याआधी इंजिन बंद, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये. चढाकडे तोंड असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. माल भरलेली गाडी असेल तर चाकाखाली दगडही. ड्रायव्हर सीटवर नसताना इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला असणं ही मोटार वाहन कायद्याच्या कलम 126 चीही अट आहे.

दुसरी, गटार. डाव्या बाजूला उतरा म्हणतो खरं, पण तिथे उघडं गटार असेल तर गिऱ्हाईक सरळ त्यात पाय घालणार. पावसाळ्यात पाणी वाहत असतं, कडा दिसत नाही. जिथे पाय पडतो तिथे फरशी किंवा जाळी हवी. पण गटारावर काही बसवण्याआधी जव्हारला नगरपरिषदेत आणि मोखाड्याला नगरपंचायतीत विचारून घ्या.

मालाची गाडी घेताना

डिलिव्हरीसाठी गाडी घेणार असाल तर दार कसं उघडतं ते आधी बघा. ईकोची मागची दोन्ही दारं सरकती आहेत, त्यामुळे गल्लीत बाजूला जागा कमी असली तरी माल निघतो. पण डिकीचं दार वर उचललं जातं, म्हणून मागे मीटरभर जागा सोडूनच लावायची. टाटा एससारख्या छोट्या टेम्पोचा बाजूचा फाळका खाली पडतो. त्या बाजूला भिंत असेल तर फाळका उघडणारच नाही, मागूनच माल काढावा लागेल. आठवडी बाजाराच्या दिवशी तर माल सकाळी लवकर उतरवून घ्या. गिऱ्हाइकाच्या वेळेला टेम्पो दारात नको.

पैशात किती?

समजा, रोज दोन गाडीवाले जागा बघून पुढे निघून जातात, आणि प्रत्येकाची खरेदी 400 रुपयांची झाली असती. रोजचे 800, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 20,800 रुपयांची विक्री. हा नफा नाही, विक्री आहे. 12 टक्के मार्जिन धरलं तर सुमारे 2,500 रुपये दर महिन्याला दारातून परत जातायत. आणि उपायाला खर्च किती? फक्कीच्या दोन-तीन रेषा, खांबाला जुन्या ट्यूबचा तुकडा म्हणजे दार लागलं तरी ओरखडा नाही, आणि एक पाटी: "दार उघडायला जागा सोडा". अगदीच जागा नसेल तर पाटीवर फोन नंबर लिहा आणि गाडीतच माल नेऊन द्या.

फक्त एक लक्षात ठेवा. या रेषा आपल्या जागेत मारायच्या. रस्ता आपल्या मालकीचा नाही. इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी सार्वजनिक जागी उभी करायला कलम 122 ची मनाई आहे. गिऱ्हाईक आपलं असलं तरी त्याला तसं लावू देऊ नका.

या आठवड्याचं काम

दुकान सुरू असो वा ठरवायचं असो, टेप घेऊन जा. समोरची रुंदी मोजा आणि वहीत लिहा. दोन गाड्या लावून चारही दारं उघडून बघा. शेवटी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला गाडीतून उतरायला सांगा. ती व्यक्ती कोणाचा हात न धरता उतरली तर जागा पास. नाही उतरली तर भाडं ठरवताना मालकाला सांगा, "तीन नाही, दोनच गाड्या लागतात," आणि त्याच हिशोबाने बोला.

पुढच्या व्हिडिओत दुकानाची पायरी किती उंच असावी ते बघू. भेटूया!