रीळ मोडते ते माशाने नव्हे, मिठाने!

गव्हाण (ता. पनवेल) : गळ, दोरी आणि आमिषाला कोळंबी एवढ्या सामग्रीवर गव्हाण-न्हावा परिसरातील खाडीकाठच्या पिढ्यांनी मासे धरले. आता दोरीच्या जागी फायबरची काठी आणि तिच्यावर बसवलेले स्पिनिंग रीळ आले आहे. जानेवारी २०२४ मध्ये नेरूळहून निघणारी लोकल उरणपर्यंत पोहोचल्याने पिरवाडीची चौपाटीही शहरातील हौशी गळकऱ्यांच्या आवाक्यात आली. मात्र हौसेने घेतलेले रीळ पहिल्याच मोसमात खरखरू लागते आणि पैसे अक्षरशः पाण्यात जातात. ज्याच्या घरी त्याच माशांवर दोन वेळचे कालवण होते, त्याच्यासाठी हे नुकसान लहान नसते. कमी पैशांत टिकाऊ रीळ निवडायचे, तर त्याचा खरा शत्रू ओळखायला हवा.

दोरा कसा सुटतो?

या रिळाचे मूळ कापडधंद्यात आहे. इंग्लंडमधील ब्रॅडफर्डचे गिरणीमालक आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये स्थिर फिरकीच्या रिळाचे पेटंट घेतले. गिरणीतील बॉबिनवरून सूत जसे टोकाकडून सुटते, तसाच येथे दोरा सुटतो. गळ फेकताना फिरकी स्थिर असते. गुंडाळताना तारेची कमान फिरकीभोवती फिरते. त्यामुळे नवशिक्यालाही दूरवर फेक साधते. पुळणीवरून गळ टाकताना लाटांच्या पलीकडे जाणे आवश्यक असल्याने हा गुण मोलाचा ठरतो.

आकडे कोणते पाहावेत?

रिळाच्या आकारासाठी १०००, २५००, ४००० असे क्रमांक वापरतात. खाडीत लहान मासळीसाठी २५०० किंवा ३००० पुरेसे होते. चौपाटीवर ४००० ते ५००० क्रमांकाचे घ्यावे. त्यावर ०.३५ मि.मी. जाडीचा नायलॉनचा दोरा निदान दीडशे मीटर मावतो की नाही, हे फिरकीवर छापलेल्या आकड्यांवरून पाहावे. ८००० च्या पुढचे रीळ भक्कम असले, तरी दोन-तीन तास फेकून हात भरून येतो.

खोक्यावर ठळक छापलेल्या बेअरिंगच्या संख्येला मात्र भुलू नये. स्वस्त रिळातील दहा-बारा हलक्या बेअरिंगांपेक्षा चार चांगली झाकलेली बेअरिंगे अधिक टिकतात. जितकी बेअरिंगे जास्त, तितक्या गंज लागण्याच्या जागा जास्त!

ड्रॅगच्या किलोंचेही तसेच. ड्रॅग म्हणजे फिरकीचा ब्रेक. मासा जोराने ओढू लागला की तो दोरा बेताने सोडतो. दोरा जितके वजन पेलतो, त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाएवढ्या ताणावर ड्रॅग लावण्याची पद्धत आहे. म्हणजे सहा किलोच्या दोऱ्याला दीड ते दोन किलो. तेव्हा पंधरा किलोचा दावा निरुपयोगी असून, ड्रॅग एकसारखा सुटणे महत्त्वाचे आहे. गळाला लागलेला जिताडा खारफुटीच्या मुळांकडे धाव घेतो, त्या क्षणी ड्रॅग अडकला तर दोरा तुटतो आणि मासा गळ तोंडात घेऊनच निघून जातो.

मीठ आणि वाळू

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी सुकते, मीठ मागे राहते आणि हवेतील ओलावा पुन्हा शोषून घेते. त्यातील क्लोराइड स्टेनलेस स्टीलवरील संरक्षक थरही भेदते. ग्रीसमध्ये शिरलेली वाळू दात्यांवर कानशीसारखी घासते. ग्रॅफाइटमिश्रित प्लास्टिकचा सांगाडा गंजत नाही, पण जोराच्या ताणाखाली किंचित वाकतो. ॲल्युमिनियमचा ताठ असतो, मात्र रंग खरवडला गेला की तेथून झिजू लागतो. मर्यादित खर्चात ग्रॅफाइटचा सांगाडा आणि धातूची फिरकी हा समतोल योग्य ठरतो. 'वॉटरप्रूफ' या शब्दावर स्वस्त रिळाच्या बाबतीत विसंबू नये.

दुकानात काय तपासावे?

हँडल सावकाश फिरवावे; खरखर किंवा डुगडुग जाणवता कामा नये. कमान उघडून मिटावी. कमानीच्या टोकाशी दोरा ज्यावरून वळतो, तो चिमुकला लाइन रोलर बोटाने फिरतो का, ते पाहावे. तो जाम झाला तर दोरा कापला जातो. ड्रॅग अर्धवट आवळून दोरा ओढावा. तो झटके न देता सुटला पाहिजे. शिमानो, दाइवा, पेन अशा जुन्या कंपन्यांची साधी मॉडेलेही या कसोट्यांवर पारखूनच घ्यावीत. कमानीची स्प्रिंग, हँडल असे सुटे भाग मिळतील का, हेही विचारावे.

घरी आल्यावर

परतताच ड्रॅग घट्ट आवळावा, म्हणजे पाणी आत शिरत नाही. मग गोड्या पाण्याचा हलका शिडकावा करावा. नळाची जोराची धार मीठ आत ढकलते आणि बादलीत बुडवलेल्या रिळात पाणी भरते. पुसून सावलीत वाळवावे, ड्रॅग सैल करून ठेवावा, लाइन रोलर आणि हँडलच्या सांध्यावर तेलाचा थेंब सोडावा. आतील दात्यांना मोसमातून एकदा नवे ग्रीस द्यावे. आणि किनाऱ्यावर असताना रीळ वाळूत कधीही ठेवू नये.

ही पाच मिनिटे दिली, तर साधे रीळही अनेक मोसम साथ देते. न दिली, तर महागड्या रिळाचीही गत तीच.